व्याधी आणि शिखर

शाळेची सहल गडावर निघाली की एखाद्या विद्यार्थ्याचे नाव यादीतून हळूच वगळले जाते. त्याला मधुमेह असतो, दिवसातून अनेकदा इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. वाटेत काही झाले तर जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला सामोरे जाण्यापेक्षा त्याला घरी ठेवणे सर्वांनाच सोयीचे वाटते. यात कोणाचा हेतू वाईट असतो असे नाही. तथापि काळजीपोटी होणाऱ्या या निवाड्याला आधार कोणता, हे तपासून पाहिले पाहिजे.

बालपणी जडणाऱ्या मधुमेहात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ निर्माणच करीत नाही. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांच्या प्रयोगांना यश आले आणि जानेवारी १९२२ मध्ये एका मुलाला इन्सुलिन प्रथम टोचण्यात आले. तोपर्यंत या व्याधीचे निदान म्हणजे मृत्यूचा हुकूमच होता. त्यानंतर शतकही उलटले नव्हते, तोच मे २००६ मध्ये ऑस्ट्रियाचा गेरी विंकलर आणि अमेरिकेचा विल क्रॉस हे इन्सुलिनवर जगणारे दोन गिर्यारोहक काही दिवसांच्या अंतराने एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले.

या यशाने हुरळून जाऊन व्याधीला क्षुल्लक लेखणे मात्र धोक्याचे ठरेल. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. म्हणून हिमप्रदेशात ते अंगाशी, कपड्यांच्या आत बाळगावे लागते. कडाक्याच्या थंडीत रक्तातील साखर मोजणारे यंत्र दगा देऊ शकते. उंचीवर अन्नावरची वासना उडते, श्रमाने साखर झपाट्याने उतरते, आणि कधी कधी ती चढाई संपल्यानंतर, रात्री झोपेत घसरते. त्यातही कठीण गोष्ट अशी की, साखर उतरल्याने येणारा थकवा आणि बुद्धिभ्रम विरळ हवेच्या विकारातही दिसतो. नेमके कशाने ग्रासले आहे, हे ज्याने ओळखायचे त्याचीच बुद्धी त्या क्षणी मंदावलेली असते.

दोरावर माणूस एकटा नसतो. एकाच्या पायाखालची जमीन सुटली तर ताण सर्वांवर येतो. तेव्हा 'माझा जीव, माझी इच्छा' हा युक्तिवाद येथे अपुरा पडतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु याच मुद्द्याची दुसरी बाजू सहसा विचारात घेतली जात नाही. आजाराचे नाव उच्चारताच दार बंद होणार असेल, तर उमेदवार ते नाव उच्चारणारच नाही. मोहिमेला खरा धोका आहे तो या लपवालपवीचा. सोबत्याला साखर केव्हा द्यायची हे ठाऊक असलेली तुकडी, ज्या तुकडीत कोणालाच काही ठाऊक नाही तिच्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असते.

म्हणूनच निकष बदलला पाहिजे. आजार कोणता, एवढे विचारून थांबू नये. तो किती ताब्यात आहे, वैद्याचा सल्ला काय, सोबत्यांना माहिती आहे काय आणि माघारी फिरण्याची तयारी आहे काय, हेही विचारावे. या कसोटीवर काहींना नकार मिळेल, आणि तो न्याय्यच असेल. एरवी, रोज मोजून खाणारा, वेळ पाळणारा, देहाच्या बारीकसारीक खुणा वाचणारा रुग्ण गिर्यारोहणाला लागणारी शिस्त घरीच शिकलेला असतो.

सहलीच्या यादीवर सही करणाऱ्या शिक्षकाकडून अपेक्षा फार नाही. नाव खोडण्यापूर्वी त्याने पालकांना आणि डॉक्टरांना विचारावे, स्वतःच्या पिशवीत साखरेची पुडी ठेवावी आणि बरोबरच्या दोन मुलांना तिचा उपयोग समजावून सांगावा. एवढ्याने कोणी एव्हरेस्ट गाठणार नाही. पण गडाच्या पायऱ्या चढण्याआधीच एका मुलाला जे घरी परत पाठवले जाते, ते थांबेल.