विश्लेषण : मोटारीवरचे बोधचिन्ह मालकच का काढून टाकतात?

हौसेने घेतलेल्या महागड्या मोटारीवरून कंपनीचे चिन्ह मालकानेच उतरवावे, हे वरकरणी विचित्र वाटते. पण २०२५ च्या सुरुवातीला अमेरिका आणि युरोपातील अनेक टेस्ला मालकांनी नेमके हेच केले. कुणी पुढचे ‘टी’ हे चिन्ह काढले, कुणी त्या जागी टोयोटा किंवा ऑडीचे चिन्ह चिकटवले. ‘इलॉन मस्क यांचे डोके फिरण्याआधी ही मोटार घेतली होती’ अशा अर्थाचे स्टिकर कित्येकांनी मागच्या बाजूला लावले. मोटारीवरची चिन्हे काढण्याची हौस जुनीच आहे. या वेळी मात्र त्यामागे हौस नव्हती.

‘डीबॅजिंग’ म्हणजे काय?

मोटारीवर साधारण तीन प्रकारची चिन्हे असतात. पहिले कंपनीचे बोधचिन्ह, दुसरे मॉडेलचे नाव आणि तिसरे इंजिन किंवा श्रेणी सांगणारी अक्षरे व आकडे. यांपैकी एक किंवा सर्व चिन्हे काढून टाकण्याला ‘डीबॅजिंग’ म्हणतात. आजकालच्या बहुतेक मोटारींवर ही अक्षरे चिकटपट्टीने बसवलेली असतात. हेअर ड्रायरने गोंद गरम करायचा, पक्का दोरा अक्षरांमागून सरकवायचा आणि उरलेला गोंद पुसून घ्यायचा, इतके हे काम सोपे आहे. जुन्या मोटारीत मात्र अडचण येते. वर्षानुवर्षे उन्हात राहिल्याने भोवतालचा रंग फिका पडलेला असतो आणि चिन्ह निघाले तरी त्याची आकृती पत्र्यावर दिसत राहते. काही मोटारींत चिन्ह पत्र्याला भोके पाडून बसवलेले असते. ते काढल्यास भोके बुजवून रंगकाम करावे लागते.

हौशी मालक चिन्हे का काढतात?

पहिले कारण दिसण्याचे. मोटारीचा मागचा भाग सपाट, मोकळा दिसावा असे अनेकांना वाटते. दुसरे कारण दिखावा टाळण्याचे. जर्मनीत बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी या कंपन्यांच्या मोटारी नोंदवताना मॉडेलचा आकडा न लावण्याचा पर्याय ग्राहकाला निवडता येतो. आपण किती पैसे मोजले हे शेजाऱ्याला किंवा सहकाऱ्याला कळू नये, असे वाटणारे तो घेतात. छोट्या इंजिनाची मोटार घेणाऱ्यालाही तो सोयीचा पडतो, कारण मोटार त्यातल्या त्यात स्वस्त आहे हे मग उघड होत नाही. काही वेगवेडे मालक शक्तिशाली मोटार मुद्दाम साधी दिसावी म्हणून आकडे काढतात.

शिवाय या आकड्यांचा अर्थही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. एकेकाळी त्यांवरून इंजिनाच्या आकाराचा अंदाज येत असे. २०२२ मध्ये आलेल्या मर्सिडीजच्या नव्या ‘सी ६३’ मध्ये मात्र दोन लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन विद्युत मोटरच्या जोडीने बसवलेले होते.

टेस्लाबाबत काय घडले?

टेस्लाचे सुरुवातीचे अनेक ग्राहक पर्यावरणाविषयी आस्था असलेले आणि राजकीयदृष्ट्या उदारमतवादी होते. टेस्ला चालवणे म्हणजे प्रदूषण कमी करण्याच्या बाजूने असणे, अशी त्यांची भावना होती. कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी २०२४ च्या अमेरिकी निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प व रिपब्लिकन पक्षासाठी २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्च केली. ट्रम्प सत्तेवर आल्यावर सरकारी खर्च व मनुष्यबळ कमी करण्याच्या ‘डोज’ या मोहिमेचा चेहरा तेच बनले. जर्मनीच्या निवडणुकीत त्यांनी ‘एएफडी’ या अतिउजव्या पक्षाला उघड पाठिंबा दिला.

त्यानंतर टेस्लाच्या शोरूमबाहेर निदर्शने सुरू झाली. गायिका शेरिल क्रो यांनी आपली टेस्ला विकून आलेले पैसे सार्वजनिक नभोवाणीला दिले. डेमोक्रॅटिक सिनेटर मार्क केली यांनीही आपली टेस्ला सोडली. मार्च २०२५ मध्ये लास वेगास येथील टेस्लाच्या दुरुस्ती केंद्रात मोटारी जाळण्यात आल्या. याच महिन्यात ट्रम्प यांनी व्हाइट हाऊसच्या आवारात टेस्लाच्या मोटारी उभ्या करून त्यांतली एक आपण विकत घेत असल्याचे जाहीर केले. मोटारीवरचे चिन्ह राजकीय पक्षाच्या बिल्ल्यासारखे वाचले जाऊ लागले. ज्याने ती मोटार २०१९ किंवा २०२१ मध्ये घेतली होती, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. तरीही रस्त्यावर शेरे ऐकण्याची आणि मोटारीवर ओरखडे उमटण्याची धास्ती त्यालाच होती.

मग मोटार विकून का टाकली नाही?

प्रसिद्ध व्यक्तींना ते परवडते, सामान्य मालकाला परवडत नाही. टेस्लाने २०२३ च्या सुरुवातीपासून नव्या मोटारींच्या किमती अनेकदा कमी केल्या. नवी मोटार स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप खाली येतो. कर्जाचे हप्ते सुरू असतील, तर मोटार विकून येणारी रक्कम उरलेल्या कर्जापेक्षा कमी भरण्याचा धोका असतो. मालकाने आधी भरलेले पैसे गेलेलेच असतात, शिवाय दुसरी मोटार घेण्याचा खर्च वेगळा. त्यातच टेस्लाचे चार्जिंगचे जाळे मोठे आहे आणि मोटारीबद्दल तक्रार नसलेलेही पुष्कळ मालक होते. त्यांची नाराजी कंपनीच्या प्रमुखावर होती.

चिन्ह काढण्याचा पर्याय अशांसाठी सोयीचा ठरला. त्याला खर्च जवळपास नाही आणि मोटार ठेवूनही आपण त्या बाजूचे नाही हे सांगता येते. काही जण मात्र निषेधापेक्षा बचावासाठी तसे करत होते. अर्थात टेस्लाचा आकार आणि दिवे ओळखीचे असल्याने चिन्ह नसलेली टेस्लाही जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. त्यामुळे संरक्षण म्हणून हा उपाय तोकडाच होता. स्टिकर लावणाऱ्यांनी म्हणूनच मोटार लपवण्याऐवजी आपली भूमिका लिहून टाकली.

यापूर्वी असे कधी घडले होते?

सप्टेंबर २०१२ मध्ये जपान सरकारने पूर्व चिनी समुद्रातील वादग्रस्त सेन्काकू बेटे खासगी मालकाकडून विकत घेतली. चीन या बेटांना दियाओयू म्हणतो आणि त्यांवर हक्क सांगतो. चीनमधील अनेक शहरांत जपानविरोधी मोर्चे निघाले आणि जपानी कंपन्यांच्या मोटारी फोडल्या गेल्या. शिआन शहरात टोयोटा चालवणाऱ्या एका चिनी नागरिकावर जमावातील एकाने हल्ला केला. डोक्याला झालेल्या जखमेमुळे त्याला अर्धांगवायू झाला. त्या दिवसांत अनेक मालकांनी जपानी चिन्हे झाकली, त्यांवर चिनी ध्वज चिकटवले. गाडी जपानी असली तरी मन चिनीच आहे, अशा अर्थाचे स्टिकर लागले. वास्तविक या मोटारींपैकी बहुतेक चीनमध्येच, चिनी भागीदारांच्या कारखान्यांत बनलेल्या होत्या. त्या महिन्यात टोयोटाची चीनमधील विक्री आधीच्या वर्षाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आली.

दोन्ही प्रसंगांत एक साम्य आहे. रोष सरकारवर किंवा उद्योगपतीवर होता, पण हाताशी सापडला तो मोटारीचा मालक.

चिन्ह काढल्याने कंपनीला फटका बसतो का?

थेट बसत नाही. मोटार विकली गेलेली असते आणि पैसे कंपनीकडे पोहोचलेले असतात. चिन्ह नसलेली मोटारही कंपनीच्याच चार्जिंग केंद्रावर येते. फटका बसतो तो पुढच्या खरेदीत. समाधानी मालक हा कोणत्याही मोटारीचा सर्वांत चांगला विक्रेता असतो. टेस्ला तर वर्षानुवर्षे पारंपरिक जाहिरातींवर फारसा खर्च न करता अशा मालकांच्या तोंडी प्रसिद्धीवरच वाढली. तोच मालक चिन्ह लपवू लागला, तर ही प्रसिद्धी थांबते.

टेस्लाने २०२३ मध्ये जगभरात सुमारे १८.१ लाख मोटारी ग्राहकांना दिल्या. २०२४ मध्ये हा आकडा १७.९ लाखांवर आणि २०२५ मध्ये १६.४ लाखांच्या आसपास आला. मात्र ही सगळी घट मस्क यांच्या राजकारणामुळे झाली असे म्हणता येत नाही. चीनच्या ‘बीवायडी’सारख्या कंपन्यांची स्पर्धा वाढली होती. २०२५ च्या सुरुवातीला ‘मॉडेल वाय’ची नवी आवृत्ती येत असल्याने उत्पादन काही काळ मंदावले होते. अमेरिकेतील विद्युत मोटारींवरची ७,५०० डॉलरची करसवलतही ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. मस्क मे २०२५ अखेरीस सरकारी जबाबदारीतून बाहेर पडले, तरी वर्षाचा आकडा सावरला नाही.

भारतात चिन्ह काढता येते का?

नोंदणी प्रमाणपत्रात उत्पादक, मॉडेल, चासी क्रमांक, इंजिन किंवा मोटरचा क्रमांक, रंग असे तपशील असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार हे तपशील उत्पादकाने ठरवलेल्यापेक्षा वेगळे होतील असे बदल करता येत नाहीत. केवळ बोधचिन्ह काढल्याने यातले काही बदलत नाही. नंबरप्लेटची गोष्ट वेगळी. तिच्याशी छेडछाड हा गुन्हा आहे. काही नव्या मोटारींत पुढच्या चिन्हामागे रडार किंवा मागच्या चिन्हात कॅमेरा असतो. अशा मोटारीत चिन्हाला हात लावल्यास सुरक्षा यंत्रणा बिघडू शकते.

आपल्याकडे कल उलटाच दिसतो. साध्या श्रेणीच्या मोटारीवर वरच्या श्रेणीची अक्षरे चिकटवून घेतली जातात आणि ती सुट्या भागांच्या दुकानांत सहज मिळतात. त्यामुळे जुनी मोटार घेणाऱ्याने मागच्या अक्षरांवर विसंबू नये. श्रेणी आणि इंजिनाची खात्री नोंदणी प्रमाणपत्र व चासी क्रमांकावरूनच करावी.

टेस्लाचे भारतातील पहिले शोरूम १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू झाले. तेथे ‘मॉडेल वाय’ची किंमत ५९.८९ लाख रुपयांपासून होती. इतकी रक्कम मोजणाऱ्याला चिन्ह दिसायला हवे असते. अमेरिकेतील पहिल्या ग्राहकांनाही तसेच वाटत होते. कंपनीच्या प्रमुखाने पुढे काय बोलावे आणि करावे, हे मात्र त्यांच्या हाती नव्हते.