पोटाला 'मुका मार' नसतो

रक्त नाही, जखम नाही, हाड मोडलेलं नाही. मग आपण म्हणतो, मुका मार आहे, हळद लावा, शेक द्या, झोपू द्या. हातापायाला हे चालून जातं. पोटाला लागलेल्या माराला मात्र हा शब्द आपल्या वस्त्यांनी लावूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला, नाक्यावर काम करणारा २२ वर्षांचा पोरगा परांचीवरून पडला. डावी कूस लोखंडी पाइपावर आदळली. ठेकेदाराने जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन मारून आणलं आणि रिक्षात बसवून घरी धाडलं. आईने मिठाचा शेक दिला. संध्याकाळी तो पांढराफटक पडला, घामाने भिजला, सारखं पाणी मागू लागला. डावा खांदा दुखतो म्हणाला, तर आम्ही सगळे खांदाच चोळत बसलो! शेजारच्या नर्सताईंनी नाडी पाहिली आणि १०८ ला फोन लावला. सरकारी रुग्णालयात पोट उघडलं तेव्हा पानथरी फाटून आत रक्त साचलं होतं. पानथरी काढावी लागली. पोरगा वाचला.

खांद्याचं कारण नंतर डॉक्टरांनी सांगितलं. पोटात साचलेलं रक्त छातीखालच्या पडद्याला लागतं आणि ती कळ खांद्यात उमटते. डावीकडे बरगड्यांच्या आड पानथरी आणि उजवीकडे यकृत, दोन्ही रक्ताने भरलेले अवयव. तरुण शरीर बराच वेळ रक्तदाब सांभाळून धरतं, म्हणून पहिले काही तास माणूस ठीक वाटतो. आतडं फाटलं तर आणखी फसगत होते. सायकलचं हँडल पोटात बसलेलं लेकरू त्या दिवशी खेळतंसुद्धा. दुखणं, उलट्या, ताप दुसऱ्या दिवशी येतात, पोट फळीसारखं कडक होतं. लघवीतून रक्त आलं तर मूत्रपिंडाला लागलं असं समजावं.

अशा माणसाला खायला-प्यायला देऊ नका, पाणीसुद्धा नको, कारण ऑपरेशन लागू शकतं. पोट चोळू नका, शेकू नका. काही घुसलं असेल तर ते उपसू नका. रुग्णालयात 'पोट दुखतंय' एवढंच न सांगता 'पोटावर पडलाय, सोनोग्राफी करा' असं सांगा. पहिली सोनोग्राफी चांगली आली तरी डॉक्टर रात्रभर ठेवतो म्हणाले तर राहा. ऑपरेशनच्या भीतीने आपली माणसं सही करून वॉर्डातून निघून येतात. खरं तर रक्तदाब स्थिर असेल तर पानथरी-यकृताच्या पुष्कळ जखमा नुसत्या देखरेखीखाली भरून येतात.

दुसरी भीती पोलीस केसची. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की आधी उपचार, कागद नंतर. खासगी डॉक्टरलाही ते लागू आहे. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. आणि आम्ही तर म्हणू, ती नोंद आपल्याच कामाची आहे. कुठे, किती वाजता, कोणाच्या कामावर पडला, हे केसपेपरवर लिहून घ्या. कामावर इजा झालेल्या कामगाराला भरपाईचा कायदेशीर हक्क १९२३ पासून आहे, पण कागदाशिवाय तो मिळवणार कसा? आमच्या पोराच्या दवाखान्यात चिठ्ठीसुद्धा केली नव्हती. ठेकेदार आता म्हणतो, तो घरीच पडला.

पानथरी नसल्याने त्याला लसी घ्याव्या लागल्या, आणि यापुढे साधा ताप आला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं आहे. भरपाईचा अर्ज केलाय. त्याला पडताना पाहणारे दोघे साक्ष द्यायला तयार आहेत, पण रोज सकाळी ते अजून त्याच ठेकेदाराच्या कामाची वाट बघत नाक्यावर उभे असतात.