दारात अडलेला हक्क

अमेरिकेतील एखाद्या उपाहारगृहाच्या दाराशी कुत्रा बरोबर घेऊन कोणी अपंग व्यक्ती आली, तर तेथील व्यवस्थापकाला तिला दोनच प्रश्न विचारता येतात. अपंगत्वामुळे हा कुत्रा तुम्हाला आवश्यक आहे काय, हा पहिला. आणि कोणते काम करण्याचे शिक्षण त्याला दिलेले आहे, हा दुसरा. कुत्र्याचे काम उघड दिसत असेल तर हेही प्रश्न विचारू नयेत असा दंडक आहे. अपंगत्व कोणते, त्याचा दाखला कोठे आहे, कुत्र्याचे प्रमाणपत्र काढा, तो काय करतो ते करून दाखवा, असे म्हणण्याचा अधिकार कायद्याने व्यवस्थापकाकडे ठेवलेलाच नाही. जादा आकार घेता येत नाही, दूरच्या कोपऱ्यात बसवता येत नाही आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला कुत्र्याची भीती वाटते ही सबबही चालत नाही. एका दाखल्यासाठी दुसरा दाखला मागणाऱ्या व्यवस्थेत वाढलेल्या आपल्या वाचकाला ही तरतूद भाबडी वाटेल. तिचा गैरफायदा घेतला जातो, हेही खरे आहे. तरीही तिच्यामागचा विचार नीट समजून घेण्याजोगा आहे. कारण अपंगांना समाज जे देतो ते हक्क म्हणून देतो की मेहेरबानी म्हणून, याचा निवाडा बहुधा अशा एखाद्या दारातच होत असतो.

अंधांना वाट दाखवण्यासाठी कुत्र्यांना पद्धतशीर शिक्षण देण्यास पहिल्या महायुद्धात जर्मनीत प्रारंभ झाला. रणांगणावर दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली ओल्डेनबुर्ग येथे अशी शाळा निघाली. स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या डोरोथी हॅरिसन यूस्टिस या अमेरिकन बाईंनी पुढे पॉट्सडॅमची शाळा पाहिली आणि तिच्याविषयी १९२७ च्या नोव्हेंबरात ‘सॅटरडे ईव्हिनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात लेख लिहिला. नॅशव्हिल येथील मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला तो वाचून दाखवण्यात आला आणि त्याने बाईंना पत्र घातले. पुढच्या वर्षी तो स्वित्झर्लंडला निघाला, तो सोबतीला कोणी नसल्यामुळे एका कंपनीच्या हवाली केलेल्या पार्सलासारखा. परतला तो ‘बडी’ नावाच्या कुत्रीच्या पट्ट्याची मूठ धरून, स्वतःच्या पायांनी, आणि बातमीदारांच्या समक्ष त्याने न्यूयॉर्कचा गजबजलेला रस्ता ओलांडला. १९२९ च्या जानेवारीत ‘सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. परंतु रस्ता ओलांडणे सोपे ठरले, दार ओलांडणे कठीण. आगगाडीच्या डब्यात, हॉटेलात, दुकानात ‘कुत्र्यांना मज्जाव’ ही पाटी आडवी येई. पुढील दशके फ्रँकने देशभर हिंडून प्रामुख्याने या पाटीशीच झुंज दिली आणि एकेका राज्याने आपले कायदे हळूहळू बदलले.

काठी आणि कुत्रा

या कुत्र्याच्या कामाविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. तो अंध माणसाला त्याच्या मुक्कामी घेऊन जातो, असे लोकांना वाटते. वस्तुतः वाट माणसालाच ठाऊक असावी लागते. किती चौक गेल्यावर कोणत्या हाताला वळायचे हे तोच ठरवतो आणि तशी आज्ञा देतो. वाहतुकीच्या दिव्यांचा अर्थ कुत्र्याला कळत नाही. वाहनांच्या आवाजावरून रस्ता ओलांडण्याची वेळ माणूसच ओळखतो. कुत्र्याचे काम वाटेतले अडथळे चुकवण्याचे, पायरी आली की थांबण्याचे, डोक्याला लागेल अशी आडवी फांदी टाळण्याचे. मात्र ‘पुढे चल’ अशी आज्ञा झाली आणि समोरून भरधाव मोटार येत असली, तर ती आज्ञा मोडण्याचेही शिक्षण त्याला दिलेले असते. केव्हा ऐकावे आणि केव्हा ऐकू नये हा विवेक त्याच्या अंगी बाणवणे, हा या शिक्षणातील सर्वांत अवघड धडा होय. आज असे शिकलेले कुत्रे केवळ अंधांपुरते राहिलेले नाहीत. बहिऱ्या माणसाला दारावरची घंटा कळवणारे, चाकाच्या खुर्चीतील माणसाची खाली पडलेली वस्तू उचलून देणारे, मधुमेही माणसाच्या रक्तातील साखर उतरू लागली की त्याला सावध करणारे कुत्रेही आहेत.

असा कुत्रा हौसेने पाळलेला प्राणी नव्हे. अंध माणसाची काठी, लंगड्याची कुबडी, चाकाची खुर्ची यांच्याच पंक्तीला तो बसतो. काठी बाहेर ठेवून आत या, असे कोणी म्हणाला तर ते आपल्याला तत्काळ क्रूर वाटेल; कुत्रा बाहेर बांधून या, हे मात्र शिष्टसंमत वाटते. या दोन वाक्यांचा परिणाम एकच आहे, एवढे ध्यानी घेतले की पुढचा सारा युक्तिवाद आपोआप उलगडतो.

हा युक्तिवाद कायद्याच्या भाषेत अत्यंत समर्थपणे मांडला तो जेकोबस टेनब्रोक यांनी. ते स्वतः अंध होते, कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक होते आणि १९४० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंध महासंघाचे संस्थापक होते. १९६६ साली लिहिलेल्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधाचे शीर्षकच मुळी ‘जगात राहण्याचा हक्क’ असे होते. अंध माणूस रस्त्यावरील उघड्या खड्ड्यात पडला, तर खड्डा उघडा का ठेवला यापेक्षा हा माणूस एकटा बाहेर का पडला, याकडेच न्यायालयांचा रोख असे. टेनब्रोक यांचे म्हणणे असे की, रस्ते, वाहने, इमारती ही सर्वांसाठी असतील तर त्या ‘सर्वां’त अपंग येतात, हे गृहीत धरूनच कायद्याने आपली मोजमापे ठरवली पाहिजेत. २६ जुलै १९९० रोजी अध्यक्ष बुश (थोरले) यांनी ज्या ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’वर स्वाक्षरी केली, त्यात या विचाराला राष्ट्रीय कायद्याचे रूप मिळाले. कुत्र्याला प्रवेश आहे तो कुत्र्याचा हक्क म्हणून नव्हे. हक्क माणसाचा आहे आणि कुत्रा त्याच्याबरोबर येतो.

शाळेतील एक कुत्रा

या हक्काचा कस कसा लागतो याचे एक उदाहरण शिक्षकवर्गाने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. मिशिगन राज्यातील एका लहान मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. तिचा शिकवलेला कुत्रा दारे उघडी, दिवे लावी, तिच्या हातून पडलेल्या वस्तू उचलून देई, चालताना तिचा तोल सावरी आणि शौचकूपात आसनावर बसता-उठताना तिला आधार देई. शाळेने त्याला वर्गात घेण्यास नकार दिला. कारण वरकरणी बिनतोड होते. मुलीच्या दिमतीला शाळेने एक मदतनीस दिलेलाच होता. मग कुत्रा कशाला? आईवडिलांचे उत्तर असे की, मुलीला जन्मभर माणसाच्या हाताचा आधार घ्यावा लागू नये, यासाठीच तर हा कुत्रा आहे. त्यांनी अखेर तिला दुसऱ्या शाळेत घातले आणि तेथे कुत्र्याचे आनंदाने स्वागत झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१७ च्या फेब्रुवारीत निर्णय झाला.

न्यायालयापुढील मुद्दा तांत्रिक होता. विशेष शिक्षणाच्या कायद्याखालील सर्व पायऱ्या झिजवल्याखेरीज या मुलीला दावा लावता येईल किंवा नाही, एवढाच. परंतु न्यायमूर्ती एलेना कॅगन यांनी त्यासाठी जी कसोटी सुचवली ती मर्मग्राही आहे. हीच तक्रार सार्वजनिक ग्रंथालयाविरुद्ध किंवा नाट्यगृहाविरुद्ध करता आली असती काय? शाळेत कामासाठी आलेल्या प्रौढ माणसाला ती करता आली असती काय? याचे उत्तर होकारार्थी असेल, तर प्रश्न शिकवण्याचा नसून समान वागणुकीचा आहे. शाळा मुलीला शिक्षण देण्यास तयार होती. तिने कसे वावरावे हे मात्र शाळेलाच ठरवायचे होते. सद्हेतूने केलेली अडवणूकही अडवणूकच असते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

मोराचे विमान

दोनच प्रश्नांवर विसंबणाऱ्या व्यवस्थेत लबाडीला वाव राहतो, हा आक्षेप पोकळ नाही. २०१८ साली नेवार्क विमानतळावर एका प्रवासी व्यक्तीने ‘मानसिक आधारासाठी’ चक्क मोर विमानात नेऊ पाहिला आणि जगभर हशा पिकला. विमानांसाठी तिकडे निराळा कायदा आहे आणि त्यात अशा आधारापुरत्या प्राण्यांनाही तेव्हा जागा होती. कुत्र्यासाठी झकपक अंगरखे आणि शिक्क्यांची प्रमाणपत्रे विकण्याचा धंदाच इंटरनेटवर उभा राहिला, जरी कायद्याच्या लेखी त्या कागदांना कवडीची किंमत नाही. याचा भुर्दंड पडतो तो खऱ्या गरजवंतांवर. न शिकवलेला कुत्रा वाटाड्या कुत्र्यावर धावून गेला, तर अनेक महिन्यांच्या परिश्रमाने तयार झालेला तो प्राणी कायमचा बिथरू शकतो. आणि लबाडांना विटलेला दुकानदार पुढच्या खऱ्या अंधालाही संशयानेच पाहतो. म्हणून नियम आवळले गेले. २०११ पासून सार्वजनिक जागांच्या कायद्यात साहाय्यक प्राणी म्हणजे कुत्राच, अशी व्याख्या झाली; ठेंगण्या जातीच्या घोड्यांसाठी वेगळी सोय तेवढी राहिली. २०२० च्या अखेरीस झालेल्या नियमांनी विमानकंपन्यांवरील, केवळ मानसिक आधाराचे प्राणी साहाय्यक म्हणून स्वीकारण्याचे बंधन काढले आणि प्रवाशाकडून लेखी हमी घेण्याची मुभा त्यांना दिली.

मग सरसकट प्रमाणपत्राचीच सक्ती का करू नये? जपानने २००२ साली तो मार्ग पत्करला. तेथे साहाय्यक श्वानांचा स्वतंत्र कायदा आहे, सरकारमान्य संस्था त्यांची परीक्षा घेतात आणि कुत्र्याच्या अंगावर तशी खूण असावी लागते. गोंधळ त्यामुळे कमी होतो यात शंका नाही. परंतु नकाराच्या तक्रारी तेथेही संपलेल्या नाहीत, आणि ज्या अपंगाने आपला कुत्रा स्वतः कष्टाने शिकवला त्याची वाट अशा पद्धतीत बिकट होते. अमेरिकी कायद्याने कागदाऐवजी वर्तनाची कसोटी लावली आहे. कुत्रा आवरत नसेल, घाण करीत असेल, तर त्याला बाहेर काढण्याचा अधिकार दुकानदाराला आहे. मालकाला मात्र कुत्र्याविना आत येऊन आपले काम करू दिले पाहिजे. शस्त्रक्रियेच्या दालनासारख्या निर्जंतुक जागी तर कुत्र्याला मुळातच प्रवेश नाही. लबाड गिऱ्हाइकाचा बंदोबस्त अशा रीतीने होऊ शकतो, आणि त्यासाठी प्रामाणिक माणसाला दर दारात आपले व्यंग उघडे करावे लागत नाही.

अर्थात कायदा पुस्तकात असला म्हणजे दारे उघडतातच असे नाही. मोबाइलवरून बोलावलेली भाड्याची मोटार कुत्रा दिसताच निघून जाते, ही तिथल्या अंधांची जुनी तक्रार. राष्ट्रीय अंध महासंघाने याच कारणासाठी उबर कंपनीविरुद्ध २०१४ साली दावा लावला आणि त्यात तडजोड झाली. तरीही २०२५ च्या सप्टेंबरात खुद्द केंद्रीय न्याय खात्याला त्याच कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले. कंपनीला आरोप मान्य नाहीत.

आपल्याकडचा तिसरा प्रश्न

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख होती आणि त्यांत दृष्टिदोष असलेले ५० लाखांहून अधिक होते. वाटाड्या कुत्रा आपल्याकडे विरळा. फेरीवाल्यांनी आणि दुचाक्यांनी व्यापलेले पदपथ आणि गल्लोगल्ली अंगावर येणाऱ्या भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या, यांत तो वाट तरी कशी काढणार? परंतु दारावरचा सवाल आपल्याही परिचयाचा आहे. कचेरीच्या खिडकीशी एकटा अंध माणूस उभा राहिला की त्याला पहिला प्रश्न येतो, “बरोबर कोण आहे?” अंधांना धनादेशाचे पुस्तक, एटीएम, लॉकर या सोयी नाकारू नयेत, असे रिझर्व्ह बँकेला २००८ च्या जूनमध्ये परिपत्रक काढून बँकांना बजवावे लागले, ते या प्रश्नामुळेच. अमेरिकेतील दोन प्रश्न माणसाला आत घेण्यासाठी आहेत. आपला हा तिसरा प्रश्न त्याला परत पाठवण्यासाठी आहे.

अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात साधनांबरोबरच ‘सजीव साहाय्या’चाही निर्देश आहे आणि भारताने तो करार २००७ साली मान्य केला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ‘वाजवी सोयी’चे तत्त्व स्वीकारले, मात्र शिकवलेल्या कुत्र्याचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. सुगम्यतेचे नियम हे शिफारशीवजा असून चालणार नाही, ते बंधनकारकच असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट केले. या निर्णयाला अनुसरून जे नियम होतील त्यांत साहाय्यक श्वानाचे नाव घालण्यास सरकारला एका ओळीपेक्षा अधिक शाई लागणार नाही. ती ओळ लिहिताना प्रमाणपत्राच्या नमुन्यापासून आरंभ करण्याचा मोह टाळावा, एवढीच अपेक्षा. आज असे कुत्रे मोजके आहेत म्हणून नियम नको, हा युक्तिवाद उलटा आहे. दारे बंद आहेत तोवर ते मोजकेच राहणार. आणि नियमाची वाट न पाहताही एक गोष्ट होऊ शकते. खिडकीमागे बसणाऱ्याने समोर आलेल्या अंध माणसाला “बरोबर कोण आहे?” असे न विचारता “आपले काम काय?” असे विचारावे. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.