काचपेटींतील दांडगा पाहुणा

घरीं काचपेटींत मासे पाळण्याची आवड आमच्या विद्यार्थ्यांत वाढत आहे. ही आवड चांगली आहे. मुक्या प्राण्याची रोज निगा राखल्यानें मुलांस नियमितपणा लागतो. परंतु सर्वांहून दुर्मिळ व दांडगा मासा आपल्याच घरीं असावा, ही जी हौस तिच्यामागून येते, तिजविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

उदाहरणार्थ, रेड-टेल कॅटफिश घ्या. हा लाल शेपटीचा मिशाळ मासा दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन व ओरिनोको या नद्यांचा रहिवासी. दुकानांत तो बोटाएवढा मिळतो. पूर्ण वाढल्यावर मात्र त्याची लांबी चार फुटांपर्यंत जाते, आणि तोंडांत मावेल तो मासा तो गिळतो. घरांतील पेटी बहुधा दोन-तीन फुटांची. तींत त्यास वळणेंही अशक्य होतें. सोबतचे मासे नाहींसे होतात, पाणी वारंवार नासतें, आणि 'बिचारा मोकळा होऊं दे' असें म्हणून कोणी त्यास नदीवर नेतो.

ही दया नव्हे. परक्या पाण्यांत तो मेला तर आपणच त्यास मारलें. जगला तर तेथील माशांवर संकट आलें. उजनीच्या जलाशयांत सकर मासा पसरला आहे. हाही मिशाळ वर्गांतलाच असून शेवाळ खातो म्हणून लोक त्यास काचपेटींत ठेवितात. जलाशयांत मात्र त्याच्या कांट्यांनीं मच्छीमारांचीं जाळीं फाटतात. आफ्रिकेंतील मांगूर पाळण्यास तर सरकारनें २००० सालींच बंदी घातली.

आम्हां पोफळीकरांस हें विशेष लक्षांत ठेविलें पाहिजे. १९६२ सालापासून कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यांतून येथील वीजगृहांत उतरतें. पुढें कोळकेवाडीच्या धरणांतून तें वाशिष्ठीस मिळतें व दाभोळच्या खाडीकडे जातें. येथें सोडलेला मासा येथेंच राहील, असें कोण म्हणेल? त्याचें फळ खालच्या गांवांतील, जाळ्यावर पोट भरणाऱ्या माणसांनीं कां भोगावें?

म्हणून मासा विकत घेण्यापूर्वीं मुलांनीं तीन गोष्टी विचाराव्या: तो केवढा होतो, काय खातो, आणि किती वर्षें जगतो. उत्तर आपल्या घरास झेपणारें नसेल, तर लहान माशांवर समाधान मानावें. असा मासा आधींच घरीं आला असल्यास पालकांनीं तो विक्रेत्यास परत करावा. नदींत, ओढ्यांत किंवा विहिरींत सोडूं नये. ज्याची पूर्ण वाढ आपल्या घरीं होऊं शकत नाहीं, त्या जिवास घरीं न आणणें हेंच त्याजवरील खरें प्रेम होय.