पंप आपला, गल्ला कुणाचा?

पेट्रोल पंपांच्या वाटपात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा असतात, हे आता वस्तीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ज्याला पंप लागतो त्याच्याकडे पेढे वाटले जातात. पण पेढे संपले की टँकर मागवायचा असतो, आणि त्याचे पैसे बहुतेक वेळा आधी भरावे लागतात.

हिशेब पाहा. बारा हजार लिटर पेट्रोलचा एक टँकर म्हणजे जवळपास बारा लाख रुपये. 'कॉर्पस फंड' योजनेत कंपनी राखीव गटातल्या विक्रेत्याला खेळते भांडवल देते खरे, पण ते कर्ज. हप्त्याने, व्याजासह फेडायचे. घरात लग्न निघाले, आजारपण आले आणि त्या पैशाला हात लागला, की पुढचा टँकर अडलाच. मग गावातला एखादा धनवान 'भागीदार' होऊन येतो. पाटीवर नाव आपले, गल्ल्यावर तो!

त्यात काळही बदलला. पूर्वी भाव पंधरवड्याने ठरत, १६ जून २०१७ पासून ते रोज ठरू लागले. २१ मे २०२२ रोजी केंद्राने पेट्रोलवरचा कर लिटरमागे ८ रुपयांनी उतरवल्याचे जाहीर केले. आपल्याला बरे वाटले. मात्र ज्याच्या टाकीत जुन्या भावाचे १० हजार लिटर होते, त्याचे ८० हजार रातोरात बुडाले. तेव्हा कमिशन लिटरला तीन-चार रुपये. म्हणजे २०-२५ हजार लिटर फुकट विकल्यासारखेच. ३१ मे २०२२ रोजी अनेक राज्यांतल्या विक्रेत्यांनी एक दिवस माल उचलला नाही. २०१७ पासून अडलेली कमिशनवाढ ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाली, तीही पैशांत मोजण्याइतकी.

चार पंपांचा मालक हे सोसतो. घरच्या मनुष्यबळावर चालणाऱ्या पंपाला ते जमत नाही. तिथे मुलगा नोझल धरतो, घरची बाई वही सांभाळते आणि पावसाळ्यात टाकीत काठी घालून पाणी तपासते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी शिरले तर ते इथेनॉलला ओढून तळाशी बसते, म्हणून हे काम रोजचे. या बाईला हिशेबात पगार कुणी धरत नाही, हे जाता जाता सांगतो.

ज्यांना पंप लागला आहे त्यांनी पंपाचे आणि घराचे खाते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे. भागीदारीचा कागद सही करण्याआधी माहितीच्या वकिलाला दाखवावा. कंपनीच्या मंजुरीवाचून भागीदार घेता येत नाही. बेनामी कारभार उघडकीस आला, तर डीलरशिप ज्याच्या नावावर आहे त्याचीच जाते. पैसेवाला दुसरे नाव शोधतो.