ब्रुनेत्ती जेवायला घरी जातो

शहरात खून झालेला असतो, वरिष्ठ साहेब घाई करत असतात, आणि पोलीस कमिसारिओ ग्विदो ब्रुनेत्ती दुपारी जेवायला घरी निघतो. कालव्यांवरचे पूल ओलांडत, लिफ्ट नसलेल्या इमारतीचे जिने चढत. ही जेवणाची पानं भराभर उलटून पुन्हा प्रेताकडे वळणारे वाचक मला भेटले आहेत. माझं मत नेमकं उलटं आहे. डोना लिऑन यांच्या व्हेनिसमधल्या रहस्यकथांचा जीव त्या जेवणाच्या टेबलाशीच आहे.

लिऑन मूळच्या अमेरिकेच्या, पण तीस वर्षांहून जास्त काळ व्हेनिसमध्ये राहिलेल्या. १९९२ साली त्यांची पहिली कादंबरी आली. ‘ला फेनिचे’ या ऑपेरागृहात ‘ला त्राव्हियाता’चा प्रयोग चालू असताना मध्यंतरात एक विख्यात संगीत-संचालक मरून पडतो, कॉफीत सायनाइड. तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी एक, अशी तिशीपार गेलेली ही मालिका.

ब्रुनेत्ती गरीब घरातला. बाप युद्धावरून आला तो मनाने मोडूनच. बायको पाओला उमरावाची मुलगी, विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवणारी. राफी आणि किआरा ही दोन मुलं. टेबलाशी वाद होतात ते खरेखुरे, आणि कधी ते घराबाहेरही जातात. ‘फेटल रेमेडीज’मध्ये मध्यरात्री एका ट्रॅव्हल एजन्सीची काच दगडाने फुटते. आशियातल्या मुलींच्या शोषणासाठी निघणाऱ्या सहली तिथून जातात म्हणून कुणीतरी ती फोडलेली असते. फोडणारी असते पाओला. कायदा सांभाळणाऱ्या नवऱ्याने आता काय करायचं? या प्रश्नापुढे ‘खुनी कोण’ हा प्रश्न मला फिका वाटतो.

आणि ‘फ्रेंड्स इन हाय प्लेसेस’ (२०००). शनिवारची दुपार, ब्रुनेत्ती सोफ्यावर आडवा होऊन ग्रीक इतिहासकार झेनोफोन वाचतोय. नगरपालिकेच्या मालमत्ता-नोंदणी कार्यालयातून एक तरुण कारकून येतो आणि सांगतो, की तुम्ही राहता तो मजला सरकारी कागदावर नाहीच. बोलता बोलता ब्रुनेत्तीच्या ध्यानात येतं, की पोराला उंचीचं भय आहे. काही महिन्यांनी तोच पोरगा घाबरून फोन करतो आणि पुढे बांधकामाच्या परांचीवरून पडून मेलेला सापडतो. सगळे म्हणतात अपघात. पण ज्याला उंचीवरून खाली बघवत नव्हतं, तो परांचीवर चढेल कशाला? इथे बोटांचे ठसे नाहीत, प्रयोगशाळा नाही. घरी आलेल्या माणसाकडे नीट पाहिलं होतं, तोच पुरावा.

तपासाची ब्रुनेत्तीची रीतच ही. कोण कुणाचा मावसभाऊ, कुणाची आई कुणाकडे धुणीभांडी करायची, शाळेत कोण कुणाच्या शेजारी बसायचं, हे त्याला ठाऊक असतं. नसेल तर इन्स्पेक्टर वियानेल्लोला असतं. साहेब पात्ता सिसिलीचे, त्यांच्याशी तो इटालियनमध्ये बोलतो. साक्षीदार व्हेनिसचा असला, की बोलीवर येतो आणि समोरचा मोकळा होतो. (सेक्रेटरी एलेत्रा कॉम्प्युटरमधून हवं ते काढून देते, ती मला फार आवडते, पण तिने आणलेल्या माहितीचा अर्थ लागतो तो या जुन्या ओळखींमुळेच.)

ओळख पुरेना, तिथे तो हरतो. ‘द गर्ल ऑफ हिज ड्रीम्स’ची सुरुवात त्याच्या आईच्या अंत्यविधीने होते, आणि पुढे कालव्यात एका रोमा मुलीचं प्रेत तरंगताना दिसतं. लहानगी पोर, आणि ती हरवल्याची तक्रार कुणीच दिलेली नाही. तिला ओळखणारं शहरात कुणी नाही, म्हणून ब्रुनेत्तीची सगळी हत्यारं बोथट होतात. त्या कादंबरीचा शेवट कित्येक दिवस माझ्या मनातून गेला नव्हता.

म्हणूनच या मालिकेतलं सर्वांत मोठं नुकसान मला खुनांचं वाटत नाही, शहर रिकामं होण्याचं वाटतं. १९५१ साली जुन्या व्हेनिसमध्ये सुमारे पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. घरं पर्यटकांना भाड्याने गेली, खाटकाच्या आणि बेकरीच्या जागी मुखवटे विकणारी दुकानं आली. माणूस मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला राहायला गेला, की कुणाची आई कुणाकडे काम करायची ही माहितीही त्याच्याबरोबर पूल ओलांडून जाते. ब्रुनेत्ती हे पुस्तकागणिक जास्त कळवळून बोलू लागला आहे, आणि तक्रारीचा सूर सारखाच लागतो असं म्हणणाऱ्या समीक्षकांशी मी सहमत नाही. ज्याच्या हातातून कामाचं साधन निसटतंय, त्याने वारंवार बोलायलाच हवं.

रिआल्तो पुलाजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकात एक औषधांचं दुकान आहे. २००८ पासून त्याच्या काचेत एक पाटी लावलेली आहे. शहरात आज किती रहिवासी उरले, तो आकडा तिच्यावर उजळतो. सुरुवातीला तो साठ हजारांच्या आसपास होता. पोलीस ठाण्याहून सान पोलोतल्या घरी जेवायला जायचं, तर ब्रुनेत्तीची वाट याच चौकातून जाते.