स्वयंसेवा कोणाची, जबाबदारी कोणाची?

८ ते १५ मार्च २०२५ या आठवड्यात इटलीतील तुरिन शहरी व लगतच्या आल्प्सच्या डोंगरांत बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या जागतिक हिवाळी स्पर्धा पार पडल्या. भारतीय खेळाडूंनी ८ सुवर्णपदकांसह ३३ पदके मिळविली. ज्या देशाच्या बहुतेक भागाने बर्फ पाहिलेलाही नाही, त्या देशाचे हे यश वृत्तपत्रांच्या कोपऱ्यातच राहिले, यात नवल ते काय!

१९६८ साली युनिस केनेडी श्राइव्हर यांनी शिकागो येथे सुरू केलेली ही चळवळ प्रथमपासून स्वयंसेवकांच्या बळावर उभी आहे. येथे खेळाडूंचे गट त्यांच्या कुवतीनुसार पाडले जातात. मंदगतीची शर्यत मंदगतीशीच होते. त्यासाठी प्राथमिक फेऱ्यांच्या वेळा नोंदविणे, नाव पुकारले की खेळाडूला प्रारंभरेषेपर्यंत नेणे, गोंधळलेल्यास धीराने तेच पुन्हा सांगणे, ही कामे स्वयंसेवक करतात. आरंभीच्या काळात शर्यत संपविणाऱ्यास मिठी मारण्यासाठी अंतिम रेषेवर खास माणसे उभी असत. तीस वर्षांच्या माणसास तान्हे मूल समजण्याची ही रीत पुढे आक्षेपार्ह ठरली, आणि ते योग्यच झाले. दया आणि बरोबरी यांतील अंतर त्या मिठीएवढेच असते.

हा विषय जुन्नर-आंबेगावच्या कार्यकर्त्यांशी संबंध नसलेला वाटेल. परंतु राष्ट्र सेवा दलाचे पहिले दलप्रमुख एस. एम. जोशी यांचा जन्म जुन्नरचाच. १९४१ पासून सेवा दलाने स्वयंसेवक या शब्दास जो अर्थ दिला, त्यात उपकाराचा लवलेश नव्हता. आज त्याच शब्दाचे काय झाले आहे? आदिवासी पट्ट्यात गरोदर स्त्रीच्या दारी जाणाऱ्या आशा कार्यकर्तीस सरकार स्वयंसेविका म्हणते, म्हणजे वेतन द्यावयास नको! तेव्हा स्वयंसेवेची हाक देताना, ती सरकारच्या अंगचोरपणावर पांघरूण ठरणार नाही, याची खबरदारी घेणे प्राप्त आहे.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण हा त्याने दिलेला हक्क आहे आणि क्रीडेतील सहभागाची तरतूद करणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. पण आहुप्यासारख्या घाटमाथ्यावरील गावातल्या मुलाचा हक्क आधी कागदावर सिद्ध व्हावा लागतो. त्यासाठी मानसशास्त्रीय चाचणी, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शहराच्या खेपा. प्रत्येक खेपेस आईबापाची एक दिवसाची मजुरी बुडते. घरी त्या मुलामागे आयुष्यभर धावणारी आई हीच या देशातील सर्वांत जुनी स्वयंसेविका. तिच्यासाठी अंतिम रेषेवर कोणीही उभे नसते.

या खेळांना सदैव बर्फच लागतो असेही नाही. हिवाळी स्पर्धांतील फ्लोअरबॉल हा खेळ बंदिस्त सभागृहात, काठी व हलक्या प्लॅस्टिकच्या चेंडूने खेळला जातो. त्यास शाळेचे सभागृह पुरते. जुन्नर, नारायणगाव, मंचर व घोडेगाव येथील महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे हिवाळ्यातच भरतात. बांध घालणाऱ्या त्या हातांनी दोन दिवस या मुलांचे सामने भरवावेत, आणि तत्पूर्वी वाडीवाडीत जाऊन प्रमाणपत्राविना राहिलेल्यांची यादी करावी. साखर कारखान्यांच्या फडांवरील ऊसतोड मजुरांची मुले त्या यादीतून वगळू नयेत. ती कोणत्याच गावच्या यादीत सहसा नसतात.

ती यादी घेऊन पंचायत समितीवर जावे आणि प्रमाणपत्राचे शिबिर तालुक्याच्याच गावी, बाजाराच्या दिवशी भरविण्याची मागणी करावी. सामन्यांचे उद्घाटन कोणाच्या हस्ते, हा प्रश्न त्यानंतर सवडीने सोडविता येईल.